'बालवीर' आणि 'वीरबाला' : स्काउट चळवळीतील मुलींच्या स्थानाची चिकित्सा

'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' या संस्थेने मे २०२४ मध्ये नामांतराची घोषणा केली आणि ८ फेब्रुवारी २०२५ पासून, म्हणजे आपल्या ११५ व्या वर्धापनदिनापासून, ती 'स्काउटिंग अमेरिका' या नावाने ओळखली जाऊ लागली. तत्पूर्वी २०१८ मध्ये तिने लहान वयोगटाच्या 'कब' विभागात आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मुख्य स्काउट विभागात मुलींना प्रवेश दिला होता. या निर्णयावर त्या देशात बरेच वादंग झाले. मुलींच्या गर्ल स्काउट्स संस्थेने न्यायालयात धाव घेतली. तो दावा २०२२ मध्ये फेटाळण्यात आला. या घडामोडींकडे पाहताना भारतीय शिक्षकाच्या मनात एक प्रकारचे समाधान निर्माण होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे स्काउट आणि गाइड १९५१ पासून एकाच संस्थेत, एकाच ध्वजाखाली उभे आहेत. त्यांची प्रार्थना एक, ध्वजगीत एक आणि नियमही एकच. तेव्हा अमेरिकेला २०१९ मध्ये पडलेला प्रश्न भारताने सात दशकांपूर्वीच सोडविला, असे मानले जाते.

हे समाधान तपासून पाहण्याची गरज आहे. भारताने १९५१ मध्ये दोन संस्था एकत्र केल्या हे खरे. पण मुलांच्या पथकात मुलीने यावे काय, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला नाही. तो विचारण्याची गरजच उरू नये, अशी व्यवस्था करण्यात आली. प्रश्न सुटणे आणि प्रश्न न विचारला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या भेदाचे परिणाम महानगरांतील मोठ्या शाळांत फारसे जाणवत नाहीत. परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरीसारख्या गावाच्या परिसरातील लहान शाळांच्या संदर्भात मात्र ते स्पष्ट होतात.

शब्दांतून दिसणारी रचना

चिकित्सेची सुरुवात शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. इंग्रजीतील 'स्काउट' या शब्दाचा मूळ अर्थ पुढे जाऊन टेहळणी करणारा, वाट शोधणारा, असा आहे. त्यात वीरत्वापेक्षा निरीक्षणाला, सावधपणाला आणि परत येऊन वार्ता देण्याला महत्त्व आहे. मराठीत मात्र स्काउटसाठी 'बालवीर' हा शब्द रूढ झाला आणि त्याला जोड म्हणून गाइडसाठी 'वीरबाला' हा शब्द आला. वरवर पाहता हे दोन्ही शब्द एकाच मापाचे वाटतात. घटक तेच, केवळ क्रम बदललेला. परंतु समासात क्रमालाच महत्त्व असते. 'बालवीर' या शब्दात 'वीर' हे विशेष्य आहे. मुलगा वीरच आहे, तो वयाने लहान आहे इतकेच. 'वीरबाला' या शब्दात 'बाला' हे विशेष्य ठरते आणि वीरत्व हा तिला जोडलेला गुण उरतो. ती प्रथम बाला आहे. हा शब्द घडविणाऱ्यांच्या मनात दुजाभाव होता असे म्हणण्याचे कारण नाही. स्त्रीलिंगी रूप सिद्ध करण्याची ती सरळ वाट होती. तथापि भाषेने सहजगत्या केलेली निवड संस्थेच्या रचनेशी किती तंतोतंत जुळते, हे पाहण्यासारखे आहे.

संस्थेच्या अंतर्गत शब्दसंग्रहातही हीच जुळणी आढळते. पथकाचे लहान गट म्हणजे संघ. स्काउटांचे संघ पशुपक्ष्यांच्या नावांनी ओळखले जातात, गाइडांचे संघ फुलांच्या नावांनी. शाळेच्या मैदानावर एका बाजूस वाघ आणि सिंह, तर दुसऱ्या बाजूस कमळ आणि गुलाब अशी रांग लागते. प्राथमिक वयोगटात मुलगे 'कब', म्हणजे लांडग्याची पिल्ले, असतात आणि मुली 'बुलबुल'. 'कब' या कल्पनेचा उगम रुडयार्ड किप्लिंग यांच्या 'द जंगल बुक' (१८९४) या पुस्तकात आहे. बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांसाठी विभाग सुरू करताना मोगली, अकेला, बल्लू ही सारी पात्रे त्यातून उचलली. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. किप्लिंग यांचे अरण्य सिवनीच्या टेकड्यांतील आणि नदी वैनगंगा; म्हणजे जी नदी पुढे भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते तीच. जगभरच्या मुलांनी ज्या जंगलाचा खेळ खेळला ते जंगल महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. पण त्या सीमेअलीकडच्या मुलींना मात्र त्या खेळात जागा नव्हती. त्यांच्या वाट्याला पक्षी आला. पक्षी होणे कमी प्रतीचे नव्हे. तथापि कळपाचा कायदा शिकणे आणि गोड गाणे या दोन प्रतिमांतून सात-आठ वर्षांच्या मुलामुलींना काय सुचविले जाते, याचा विचार शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी करावयास हवा.

याउलट 'गाइड' या शब्दाचा इतिहास अनपेक्षित आहे. ब्रिटिश मुलींच्या संघटनेला हे नाव देताना बेडन-पॉवेल यांच्या डोळ्यांसमोर भारताच्या वायव्य सरहद्दीवरील 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण होती. हॅरी लम्सडेन यांनी १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेली ही पलटण संपूर्णपणे पुरुषांची आणि लढाऊ होती. खाकी गणवेशाची प्रथा तिच्यापासूनच सुरू झाली, असे लष्करी इतिहासकार मानतात. म्हणजे ज्या पलटणीकडून खाकी रंग आला तिचे नाव मुलींना मिळाले आणि तिचा रंग मुलांना. भारतातही स्काउटचा गणवेश दीर्घकाळ खाकी राहिला व गाइडचा निळा. नावातील धाडस मुलींपर्यंत पोहोचले, पण त्याचा उगम मात्र विसरला गेला.

१९०९ ते १९५१

चळवळीचा पाया असलेला 'स्काउटिंग फॉर बॉईज' हा ग्रंथ १९०८ मध्ये पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर वीस-एक मुलांचे शिबिर झाले होते. शेकोटीभोवती सांगावयाच्या गोष्टी अशी या ग्रंथाची रचना आहे. त्यात माग काढणे, तंबू, गाठी, प्रथमोपचार यांच्याबरोबर मध्ययुगीन सरदारांच्या दाक्षिण्याचा धडाही आहे. या धड्यात स्त्री येते ती प्रामुख्याने जिचे रक्षण करावयाचे अशी व्यक्ती म्हणून. ग्रंथाच्या नावातच 'मुलांसाठी' असे शब्द होते. तरीही मुलींनी तो वाचला. साम्राज्याच्या चिंतेतून मुलांना कणखर बनविण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात मुलींना स्वतःसाठी काहीतरी सापडले, ही वाचनाच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय. कोणता वाचक कोणत्या ग्रंथातून काय घेईल हे लेखकाच्या हाती नसते; साहित्यसमीक्षेला परिचित असलेल्या या सत्याची प्रचीती येथे मैदानावर आली.

४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा मोठा मेळावा भरला. त्यात गणवेशासारखे कपडे घालून काही मुली निमंत्रणाशिवाय उपस्थित झाल्या आणि आपणही स्काउट आहोत असे त्यांनी सांगितले. तोपर्यंत अनेक मुलींनी स्काउट म्हणून नोंदणी केली होती. काहींनी पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे लिहून ती केली, असे सांगितले जाते. या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः गाइड चळवळीची जन्मकथा म्हणून केले जाते. परंतु त्याचा दुसऱ्या अंगानेही विचार करता येईल. त्या मुलींनी स्वतंत्र संघटना मागितली नव्हती. जे आधीच आहे त्यात त्यांना जागा हवी होती. त्यांना उत्तर मिळाले ते वेगळ्या दाराचे. नोव्हेंबर १९०९ मध्ये मुलींसाठीची स्वतंत्र योजना जाहीर झाली, १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अॅग्नेस यांच्याकडे तिचे नेतृत्व आले आणि १९१२ मध्ये मुलींचे हस्तपुस्तक निघाले. साम्राज्य उभारणीस मुली कसा हातभार लावू शकतात, हा त्या पुस्तकाच्या शीर्षकातीलच विषय होता. मागणी प्रवेशाची होती. उत्तर समांतर संस्थेचे मिळाले.

भारतात स्काउट चळवळ १९०९ मध्ये बंगळुरू येथे आणि गाइड चळवळ १९११ मध्ये जबलपूर येथे सुरू झाली. दोन्ही प्रारंभी युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलामुलींपुरत्या मर्यादित होत्या. येथे बहिष्कृत होते ते भारतीय मुलगे. अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रास येथे भारतीय मुलांसाठी संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये अलाहाबाद येथे सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. वर्णभेदाविरुद्धचा हा लढा दीर्घ व महत्त्वाचा होता. त्यामुळेच स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी मुलांच्या संघटनांचे विलीनीकरण होऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्स संघटना तीत सामील झाली, तेव्हा राष्ट्रीय एकतेचा विजय म्हणून त्या घटनेकडे पाहिले गेले. ते यथार्थही होते. मुलामुलींच्या दोन्ही जागतिक संघटनांचे सदस्यत्व असलेल्या थोड्या राष्ट्रीय संस्थांत भारताची संस्था मोडते, ही बाब गौरवाची आहे.

मात्र या एकीकरणाचे स्वरूप एका छताखालील दोन घरांचे होते. कार्यालय एक झाले, पथके दोनच राहिली. नियमांच्या बाबतीत खरी समता आली. स्काउट व गाइड यांचे नऊ नियम आशयाने एकच आहेत. सोपानांची चढणही सारखीच आहे : प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. किंबहुना अभ्यासक्रमाच्या पातळीवर ही चळवळ रचनेपेक्षा अधिक उदार आहे, असे म्हणावे लागते. ज्या घरात मुलगा पाण्याचा तांब्याही स्वतः भरून घेत नाही, त्या घरातील मुलगा शिबिरात चूल पेटवितो, बिनभांड्यांचा स्वयंपाक शिकतो आणि करपलेली बट्टी स्वतःच्या हातची म्हणून आवडीने खातो. त्याच अभ्यासक्रमात मुलगी दोर बांधते, तंबू ठोकते, मार्गखुणांवरून वाट काढते. 'खरी कमाई' या उपक्रमात दोघेही श्रमाचे मोल घेतात. घरातील श्रमविभागणी मोडण्याची एवढी सहज संधी शालेय पातळीवरील अन्य कोणत्याही उपक्रमात क्वचितच असेल. खंत एवढीच की, मुलाने थापलेली भाकरी मुलगी पाहत नाही आणि मुलीने ठोकलेला तंबू मुलगा पाहत नाही. दोन्ही गोष्टी घडतात, पण एकमेकांच्या नजरेआड.

पथक कोणी चालवायचे?

रचनेचा खरा कस लागतो तो नेतृत्वाच्या नियमावर. स्काउट पथक पुरुष शिक्षक चालवितो व त्यास स्काउट मास्टर म्हणतात. गाइड पथक स्त्री शिक्षिका चालविते व तिला गाइड कॅप्टन म्हणतात. याला एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. लहान मुलांच्या कब विभागाचे नेतृत्व स्त्रीला करता येते; त्यासाठी 'लेडी कब मास्टर' असे स्वतंत्र पदनामच आहे. म्हणजे स्त्रीने लहान मुलग्यांचे संगोपन करणे व्यवस्थेला मान्य आहे. पुरुषाने मुलींचे पथक चालविणे मान्य नाही. या दुसऱ्या निर्बंधामागील हेतू संरक्षणाचा आहे आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा मुळीच नाही. शिबिरे मुक्कामाची असतात, वय अडनिडे असते, आणि पालकांचा विश्वास हे या चळवळीचे खरे भांडवल असते.

परंतु हा नियम जेव्हा ग्रामीण शाळेत पोहोचतो, तेव्हा त्याचे काय होते? बोरी हे जिंतूर तालुक्यातील मोठे गाव. त्याच्या आसपास लहान वस्त्या व खेडी आहेत. अशा परिसरातील शाळा बहुधा मिश्र असतात. मुलगे व मुली एकाच वर्गात बसतात, एकाच फळ्यावरचे उतरवून घेतात, एकाच पंगतीत शालेय पोषण आहार घेतात. शाळा लहान असेल तर शिक्षक मोजके असतात आणि त्यांत स्त्री शिक्षिका असेलच असे नाही. असली तरी ती दररोज तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून ये-जा करणारी असू शकते. तिच्यामागे घर असते. गाइड कॅप्टनचे प्रशिक्षण निवासी असते. ते पूर्ण केलेली शिक्षिका शाळेला मिळाली आणि दोन-तीन वर्षांत तिची बदली झाली, तर पथक तेथेच थांबते. पुरुष शिक्षक मात्र जवळजवळ प्रत्येक शाळेत असतो. याचा अर्थ असा की, मुलांचे पथक निघण्यासाठी शाळेत एक प्रशिक्षित पुरुष पुरेसा आहे. मुलींचे पथक निघण्यासाठी एक प्रशिक्षित स्त्री आवश्यक आहे. आणि ग्रामीण व्यवस्थेत या दोन अटी सारख्या सुलभ नाहीत. कागदावर समान असलेला नियम प्रत्यक्षात एका बाजूस झुकतो तो असा. ज्या शाळेत केवळ स्काउट मास्टर आहे तेथील मुलीला कोणीही 'तू मुलगी आहेस म्हणून तुला प्रवेश नाही' असे म्हणत नाही. तिला सांगितले जाते की, आपल्याकडे गाइड पथक नाही. नकार देणारा कोणी नाही, आणि म्हणून त्या नकाराविरुद्ध दाद मागण्याचीही सोय नाही. क्रिस्टल पॅलेसच्या मुलींना निदान कोणासमोर उभे राहावयाचे ते ठाऊक होते.

यात वेळेचा व वाहनाचा प्रश्न मिसळतो. पथकाची सभा साधारणतः शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी होते. परगावाहून येणारा मुलगा सायकलवर अंधार पडेपर्यंत घरी पोहोचू शकतो. मुलीला एसटीची वेळ गाठावी लागते. राज्य शासनाच्या अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासमुळे ग्रामीण मुलींचे माध्यमिक शिक्षण सुकर झाले, हे निर्विवाद. तथापि पासने प्रवास मिळतो, उशिरा सुटणारी गाडी मिळत नाही. शाळेच्या वेळेत जे बसत नाही ते मुलीच्या वाट्याला येत नाही, असा अलिखित नियम यातून तयार होतो. स्काउटिंग हे मूलतः शाळेच्या वेळेबाहेरचे, उघड्यावरचे शिक्षण आहे. म्हणूनच त्याची उणीव मुलींना अधिक भासावी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. मिश्र पथके काढल्यास मुलींना नेतृत्व मिळेल काय? की संघनायक मुलगाच होईल आणि मुलगी शिबिराच्या स्वयंपाकघरात परत जाईल? स्वतंत्र पथकात सर्व पदे मुलींकडेच असतात. शिट्टी मुलीच्याच हातात असते. पुण्यात १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते उद्घाटन झालेले 'संगम' हे गाइड चळवळीचे जागतिक केंद्र स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेल्या अवकाशाची ताकद दाखविते. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा आरंभही १८४८ मध्ये मुलींच्या स्वतंत्र शाळेनेच झाला होता. स्वतंत्र अवकाशाला कमी लेखणारी समतेची भाषा अनेकदा मुलींच्या हातून असलेलेही काढून घेते. अमेरिकेतील संस्थेनेही २०१९ मध्ये मुलींची पथके स्वतंत्रच ठेवली होती. शिवाय तेथील निर्णयामागे समतेच्या तत्त्वाइतकाच घटत्या सदस्यसंख्येचा दबाव होता, हेही विसरता येत नाही. तेव्हा मिश्र की स्वतंत्र, हा वाद या चिकित्सेचा विषय नाही. जेथे स्वतंत्र पथक नाही तेथे मुलीने काय करावे, या प्रश्नाला उत्तर नसणे हा आहे. ब्रिटनमधील स्काउट संघटनेने १९९१ मध्ये सर्व वयोगटांत मुलींना मुभा दिली आणि २००७ पासून ती सर्व पथकांना बंधनकारक केली. गाइड संघटना मात्र मुलींचीच राहिली. तेथील मुलीला निवड आहे. लहान गावातील मराठी मुलीपुढे एकच दार आहे, आणि ते उघडणारी व्यक्ती शाळेत नेमलेली असेल तरच ते उघडते.

दोन मराठी उत्तरे

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, ही बाब चर्चेत सहसा येत नाही. शाखा, कवायत, शिबिर या माध्यमांतून तरुणांना घडविण्याचे प्रयत्न या भूमीत विपुल झाले आणि त्यांत मुलींचे काय, हा प्रश्न स्वातंत्र्यापूर्वीच दोन वेळा उभा राहिला. वर्धा येथे लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेतील मुलांचे प्रशिक्षण पाहून तेच मुलींना का नाही, असा विचार डॉ. हेडगेवार यांच्याकडे मांडला. त्यातून १९३६ च्या विजयादशमीस राष्ट्र सेविका समिती ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. क्रिस्टल पॅलेसप्रमाणे येथेही उत्तर समांतर संस्थेचेच होते.

४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची जी उभारणी झाली, तिने दुसरे उत्तर दिले. सेवा दलाच्या शाखेत मुलगे व मुली एकत्र येत, एकत्र खेळत, एकत्र गात. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. सनातनी वर्तुळांतून तिच्यावर टीका झाली. वैचारिक भूमिका बाजूला ठेवून केवळ संघटनेची रीत म्हणून पाहिले, तरी तिचे फलित दखल घेण्याजोगे आहे. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या सार्वजनिक जीवनात स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्त्रिया या मुशीतून आल्या. वसंत बापट, निळू फुले, सुधा वर्दे यांचा सहभाग लाभलेल्या कलापथकाने मुलगे-मुली एका रंगमंचावर आणि एका प्रवासात एकत्र आणले. स्त्री-पुरुष सहकार्याचे धडे पुस्तकातून नव्हे तर दौऱ्यातून मिळतात, हे त्यातून सिद्ध झाले.

या प्रयोगाचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. त्याचा मोठा आधार शिक्षित, बहुतांशी शहरी व निमशहरी कुटुंबांचा होता. परभणी, जिंतूर, बोरी हा सारा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील तरुणांपुढील प्रश्न आणि धोके निराळे होते. पुण्यातील शाखेची रीत गोदाकाठच्या खेड्यात जशीच्या तशी उतरावी, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. तथापि मिश्र पथक म्हणजे परदेशातून आलेली, आपल्या मातीत न रुजणारी कल्पना, असा जो समज प्रचलित आहे, तो या इतिहासापुढे टिकत नाही.

आदेशाने उघडलेली दारे

अलीकडच्या काळात मुलांसाठी राखीव मानल्या गेलेल्या संस्थांची दारे मुलींना उघडली ती चळवळीने नव्हे, तर आदेशाने. सातारा येथील सैनिक शाळा ही देशातील पहिली सैनिक शाळा. ती २३ जून १९६१ रोजी सुरू झाली आणि साठ वर्षे केवळ मुलांची राहिली. २०२१-२२ या वर्षापासून देशभरातील सैनिक शाळांत मुलींना प्रवेश मिळू लागला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेस बसण्याची परवानगी दिली. परीक्षा पुढील वर्षापासून घेण्याची शासनाची विनंती न्यायालयाने मान्य केली नाही. २०२२ मध्ये १९ मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी १७ जणी दीक्षान्त संचलनात सहभागी झाल्या. हे यश मोठे आहे. त्याची बातमी खेड्यापाड्यांत पोहोचली, मुलींच्या डोळ्यांत नवी स्वप्ने आली.

पण आदेशाने दार उघडते ते शिखरावरचे. तेथपर्यंत पोहोचणाऱ्या मुलीला बारा-तेराव्या वर्षी कोणी दोर बांधावयास, नकाशा वाचावयास, रात्रीच्या अंधारात चार जणींची जबाबदारी घ्यावयास शिकविले होते काय, याची विचारणा आदेशात नसते. खडकवासल्याला १९ जागा उघडल्या याचा जितका गाजावाजा झाला, त्याच्या शतांश चर्चाही माध्यमिक शाळांतील गाइड कॅप्टनच्या अभावाविषयी होत नाही. वस्तुतः दुसरा प्रश्न संख्येने कितीतरी मोठा आणि खर्चाने कितीतरी लहान आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना या संदर्भात एक दाखला अगदी जवळचा आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना पहिल्या दिवसापासून मिश्र आहे. तिच्या एकाच पथकात विद्यार्थी व विद्यार्थिनी असतात, एकाच दत्तक गावात ते सात दिवसांच्या विशेष शिबिरास जातात, एकाच बंधाऱ्यावर घमेली उचलतात. विद्यार्थिनींच्या मुक्कामाची चिंता, गावातील शाळेच्या खोलीची कडी, पालकांचे दूरध्वनी, सहकारी प्राध्यापिकेची सोबत मिळविण्यासाठी करावी लागणारी धावपळ, हे सारे प्रत्येक कार्यक्रमाधिकाऱ्यास पाठ असते. त्या अडचणींवर कोणी पथकेच वेगळी करण्याचा उपाय काढला नाही. सोबत मिळविण्याचा काढला. अठरा वर्षांच्या मुलामुलींबाबत जे जमते ते बारा वर्षांच्या मुलामुलींबाबत जमणारच नाही, असे गृहीत धरण्यास सबळ आधार दिसत नाही.

याच महाविद्यालयांत रोव्हर व रेंजर ही पथकेही असतात. वयाच्या पंचविशीपर्यंत त्यांत राहता येते आणि सेवा हेच त्यांचे घोषवाक्य आहे. रेंजर पथकातील विद्यार्थिनी सुटीत गावी जाते तेव्हा तिच्याच जुन्या शाळेत मैदान असते, मुली असतात, स्काउट मास्टरही असतो. नसते ती केवळ एक प्रशिक्षित स्त्री. ती विद्यार्थिनी सोपान चढलेली, गाठी येत असलेली, शेकोटी लावता येत असलेली असते. तरीही शाळेच्या दप्तरी तिची नोंद माजी विद्यार्थिनी एवढीच राहते. तिला सहायक म्हणून मान्यता देण्यासाठी नव्या पदाची, नव्या निधीची किंवा न्यायालयीन आदेशाची गरज नाही. प्राचार्यांचे एक पत्र, मुख्याध्यापकांची संमती आणि जिल्हा कार्यालयाची नोंद एवढ्यावर निदान सुटीतील एक शिबिर होऊ शकते. रेंजरचे वार्षिक अहवाल दरवर्षी महाविद्यालयांकडून जातात. त्यांत वृक्षारोपणाच्या आणि स्वच्छतेच्या नोंदी असतात; एखाद्या गावातील शाळेत गाइड पथक उभे केल्याची नोंद त्या रकान्यात अद्याप यावयाची आहे.